शिकविणे एकदाचे नव्हे, नित्याचे

दोन महिन्यांच्या आतील अर्भकाचा श्वास मिनिटाला ६० वा त्याहून अधिक वेळा चालू लागला, तर ते धोक्याचे लक्षण होय. हे वाक्य पाठ करावयास आशा सेविकेस दहा मिनिटे पुरतात. परंतु केडगावच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत, रडणारे बाळ शांत करून पूर्ण मिनिटभर त्याच्या छातीची हालचाल मोजणे हे निराळे कौशल्य आहे. ते वर्गात बसून येत नाही. जाणत्याने शेजारी बसून करवून घ्यावे लागते.

आपल्या जिल्ह्याला तरी हे नव्याने सांगावयास नको. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला कार्य आरंभिले. गावोगावच्या ज्या स्त्रिया त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या, त्यांत निरक्षरही होत्या. त्यांना एकदा शिकवून वाऱ्यावर सोडले नाही. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, अडचणी मांडीत, नवे शिकत. फिरते पथक त्यांच्या गावी जाई. १९७१ च्या सुमारास तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९६ पर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांस घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले व त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेविली. त्यायोगे नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

२०११ पासून सरकारने याच धर्तीवर आशा सेविकांकडे गृहभेटी सोपविल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी द्यावयाच्या असतात. भेटींची संख्या ठरली, हे योग्यच झाले. पण त्या भेटीत सेविकेचा हात कसा चालतो, हे पाहणार कोण? गटप्रवर्तक व आरोग्य केंद्राच्या परिचारिका यांची देखरेख नोंदवही तपासण्यापुरतीच उरली, तर चुकीची मोजणीही सुवाच्य अक्षरांत नोंदली जाईल, आणि न्यूमोनिया झालेले बाळ घरीच राहील.

म्हणून महानगरपालिकेस व जिल्हा परिषदेस आमचे सांगणे आहे की, मासिक बैठकीतील निम्मा वेळ अहवालांऐवजी प्रत्यक्ष शिक्षणास द्यावा. परिचारिकेने प्रत्येक सेविकेबरोबर ठराविक काळाने गृहभेटीस जावे. तेथे दोष काढण्यासाठी नव्हे, तर हाती धरून शिकविण्यासाठी. आशा सेविकेस कामागणिक मोबदला मिळतो. तेव्हा शिकण्यात गेलेल्या दिवसाचाही तिला मोबदला मिळालाच पाहिजे. बाळाच्या जिवाची जबाबदारी जिच्यावर टाकली, तिला एकटे सोडण्याचा अधिकार कोणासही नाही.