सोनोग्राफीला वेळ आहे, पाजण्याविषयी बोलायला नाही?

नऊ महिने तपासण्या चालतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी. फाइल जाड होत जाते. बाळाला पाजायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. भिंतीवर पोस्टर असतं: गोरीपान आई, गुटगुटीत बाळ, खाली ‘आईचे दूध अमृत’. त्याच्यासमोर दोन तास ताटकळून पहिलटकरीण घरी जाते. झालं समुपदेशन!

आकडे सरकारचेच घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालं ते ४१.८ टक्के बाळांना. तेव्हा घरी बाळंत होणाऱ्या ‘अडाणी’ बायकांवर खापर फोडायची सोय उरलेली नाही. हे डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखत घडतं.

कसं, ते कुठल्याही प्रसूतिगृहात पाहा. बाळ रडतं. चीक थेंबथेंबच येतो, पिवळसर, घट्ट. कुणीतरी म्हणतं, “हिला दूधच उतरलं नाही.” एक मावशी मधाचं बोट पुढे करते, जे वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचं आहे. सिझेरियन असेल तर ‘वरचं’ दूध जवळजवळ ठरलेलंच, जणू पोटावरच्या टाक्यांमुळे दूध आटतं! खरं तर पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा चमचा-दीड चमचाच मावतो, आणि चीक तेवढाच येतो. भरपूर दूध दोन-चार दिवसांनी भरतं. एवढं तिला आणि तिच्या सासूला सातव्या महिन्यात कुणी सांगितलं असतं, तर पावडरच्या दुधाचा डबा आलाच नसता. आशाताई घरी येतात तिसऱ्या दिवशी. तोवर बाटली लागलेली असते.

“बाईला हे उपजत येतं,” असं सांगणाऱ्यांनी एकदा पहिलटकरणीशेजारी बसावं. बाळाचं पोट आईच्या पोटाला भिडलेलं हवं, नाक बोंडशीच्या समोर. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन ओढून बाळाकडे न्यायचा नाही. नुसती बोंडशी नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. हे चुकलं की चिरा पडतात, प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येतं आणि आठवड्यात बाई हात टेकते. बाहुली हातात देऊन हे वीस मिनिटांत शिकवता येतं. टाके दुखत असताना, खोलीत सहा नातेवाईक सल्ले देत असताना येत नाही.

हे ज्ञान नवं नाही. गरोदरपणातच स्त्रीला स्तनपानाची माहिती द्या, ही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली घालून दिलेल्या दहा पायऱ्यांपैकी तिसरी पायरी. त्याच साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. केंद्राचा स्तनपानासाठीचा ‘मा’ कार्यक्रम २०१६चा. आदेश आहेत, पुस्तिका आहेत. बोलायला माणूस नाही. खासगीत तर याची फी लावता येत नाही, म्हणून विषयच निघत नाही.

डबेवाल्या कंपन्यांना मात्र वेळ असतो. १९९२च्या कायद्याने शिशुदुधाची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यामार्फत प्रचार, सगळ्यावर बंदी आहे; तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची रक्कम पाच हजार रुपयांपर्यंत. कंपनीच्या एका जेवणावळीला याहून जास्त लागतात.

वैद्यकीय कारणाने किंवा पोटासाठी कामावर परतावं लागल्यामुळे डबा घेणाऱ्या आईला आम्ही बोल लावत नाही. आमचं भांडण तिला अंधारात ठेवणाऱ्यांशी आहे.

आमची मागणी साधी आहे. सातव्या महिन्यानंतर प्रत्येक गरोदर बाईशी, घरातल्या मोठ्या बाईसह, निदान दोनदा या विषयावर बोललं जावं. कोण बोललं, कधी बोललं, याची सहीनिशी नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर व्हावी. खासगी प्रसूतिगृहांनाही हे बंधनकारक असावं.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणी असते. येत्या ९ला सासूला किंवा आईला सोबत न्या. रक्तदाब मोजून झाला की उठू नका. “पाजायचं कसं ते दाखवा,” म्हणा, आणि दाखवेपर्यंत खुर्ची सोडू नका.