घटस्फोटाची सही आणि ईएसआयचं कार्ड

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई इन्सुलिनची रिकामी बाटली घेऊन माझ्या दारात आली. नवरा कंपनीत, त्याच्या ईएसआयच्या कार्डावर तिचं नाव, आणि आठ वर्षं तिचं इन्सुलिन तिथूनच येत होतं. दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला. मारहाण नव्हती, पटत नव्हतं एवढंच. पुढच्या महिन्यात खिडकीवर सांगितलं, "तुमचं नाव आता नाही." खिडकीवरचा माणूस चुकला नव्हता. घटस्फोट झाला की बायको विमेदाराच्या कुटुंबात धरली जात नाही. पण सही करण्याआधी हे तिला कुणीच सांगितलं नाही. ना वकिलाने, ना समजूत घालणाऱ्या मंडळींनी, ना मी. मला तर ती रोज नळावर भेटत होती.

आपल्याकडे दोनच वाटा माहीत असतात: नांदायचं, नाहीतर काडीमोड. मधली एक वाट आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम १० मध्ये न्यायिक विभक्तता आहे. कोर्टाच्या हुकमाने एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, पण लग्न मोडत नाही. बायको कायद्याने बायकोच राहते, म्हणून कार्डावरचं नावही राहू शकतं. दुसरं लग्न मात्र दोघांनाही करता येत नाही. छळ, सोडून जाणं अशी घटस्फोटाचीच कारणं इथेही दाखवावी लागतात. आणि हुकमानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर कुणीही एक जण घटस्फोट मागू शकतो. म्हणजे हा कायमचा आसरा नव्हे. पण इन्सुलिनवर जगणाऱ्या बाईला एक वर्ष थोडं नसतं.

माझ्या शेजारणीसारखं नुसतंच पटत नसेल, तर कोर्टात न जाताही वेगळं राहता येतं. संमतीच्या घटस्फोटाला तसंही आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. ते वर्ष तब्येतीची सोय लावण्यात घालवा. तपासण्या करून घ्या, जुने केसपेपर आणि कार्डाची प्रत स्वतःजवळ ठेवा. माहेरी दुसऱ्या गावी राहत असाल, तर कुटुंबासाठी तिथला ईएसआय दवाखाना वेगळा नोंदवता येतो.

काही जण म्हणतात, महात्मा फुले योजना आहे ना! आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ती मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरची योजना आहे. दर महिन्याची साखरेची, थायरॉईडची गोळी त्यातून मिळत नाही. आपल्या बायका आजारी पडतात त्या याच रोजच्या गोळ्या बंद पडून.

मार खाणाऱ्या बहिणीने मात्र कार्डासाठी एक दिवसही थांबू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घटस्फोट न घेताही औषधोपचाराचा खर्च मागता येतो.

ईएसआयचा मूळ कायदा १९४८ चा. त्याआधीचा अडारकर अहवाल बाबासाहेब मजूरमंत्री असताना आला. नवऱ्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, पण तो पगार घरी येईपर्यंत पहाटेचा डबा कुणी भरलेला असतो? घटस्फोटानंतर निदान वर्षभर तरी त्या बाईचे चालू उपचार थांबता कामा नयेत, असा नियम व्हायला हवा. आपल्या कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरावी. अजून तरी कुणाच्या निवेदनात मी ती वाचलेली नाही.

तोवर सही करण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नवरा घटस्फोट मागत असेल, तर औषधाचा दरमहाचा खर्च समझोत्यातच आकड्यासकट लिहून घ्या. "बघू नंतर" म्हणाला तर सही करू नका. आणि मुलांची नावं कार्डावरून काढू देऊ नका. घटस्फोट आई-बापाचा होतो, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं त्याच्या कुटुंबातच धरली जातात.