नाताळला ‘विंटर कार्निव्हल’ का म्हणायचं?

परवा मुलीच्या शाळेचं परिपत्रक आलं. मुलगी चौथीत आहे, पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका ‘इंटरनॅशनल’ शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही. विषय एका शाळेचा नाहीच, आमच्या भागातल्या तीन-चार शाळांत यंदा हेच झालंय.

गेल्या वर्षीपर्यंत डिसेंबरात ‘ख्रिसमस सेलिब्रेशन’ असायचं. यंदा ‘विंटर कार्निव्हल’ आहे. दोन पानी परिपत्रकात ‘ख्रिसमस’ हा शब्द एकदाही नाही, ‘नाताळ’ तर नाहीच नाही. बाकी सगळं जसंच्या तसं. प्लास्टिकचं झाड, लाल टोप्या, फेसाचा बर्फ उडवणारं मशीन, डीजे, कूपनवर खाण्याचे स्टॉल, आणि मुलांनी एकमेकांना द्यायच्या गुपचूप भेटी, पाचशे रुपयांच्या आतल्या. म्हणजे सण ठेवला, फक्त ज्यांचा सण आहे त्यांचं नाव काढलं.

कारण उघड आहे. काही पालकांनी शाळेला निवेदन दिलं होतं. अशा निवेदनांच्या बातम्या हल्ली दर डिसेंबरात कुठून ना कुठून येतातच. शाळेला वाद नको होता. झालं.

मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण माजलं. एका संध्याकाळी १४३ मेसेज. (हो, मोजले. झोप येत नव्हती.) एका बाजूचं म्हणणं: हे सगळं परकं आहे, आपल्या मुलांना सांताक्लॉज बनवायचं काय कारण, त्यापेक्षा २५ तारखेला तुळशीपूजन ठेवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं: इंटरनॅशनल शाळेत घातलंय ना पोरांना, मग जगात जे चालतं ते चालवून घ्या, एवढं मागासलेलं राहू नका.

तुळशीबद्दल एवढंच म्हणतो, की तुळशीचं लग्न आपल्याकडे कार्तिकात लागतं आणि ते लावून झालंय. घरातल्या आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पण मला खटकलं ते वेगळंच. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडल्या होत्या, आणि तरी एका गोष्टीवर त्यांचं पक्कं एकमत होतं: नाताळ हा बाहेरचा सण आहे. एकाला तो बाहेरचा म्हणून नको, दुसऱ्याला बाहेरचा म्हणूनच हवा. शाळेचंही तेच मत. म्हणून तर डिसेंबरच्या पुण्यात, दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधायची वेळ येते तिथे, फेसाचा बर्फ उडवायचा.

मित्रांनो, हा सण बाहेरचा नाही. निदान महाराष्ट्रात आणि गोव्यात तरी नाही.

‘नाताळ’ हा शब्दच घ्या. पोर्तुगीजांकडून आला, आपल्या पावासारखा. पावाला कोणी आता परका म्हणत नाही. मिसळीबरोबर तो लागतोच. १६१६ साली गोव्यात राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. ख्रिस्ताच्या जन्माची गोष्ट, मराठीत, ओवीछंदात, जवळपास अकरा हजार ओव्यांची. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे महाराजांच्या आधीपासून ही गोष्ट मराठी ओवीत आहे. लिहिणारा जन्माने इंग्रज होता हे खरं, पण ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसं इथलीच होती.

गोवा लांब वाटत असेल तर नगरला या. (आता अहिल्यानगर. जुनी सवय आहे, सांभाळून घ्या.) ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथून १८४२ साली निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळकांचा संसार तिथला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल असा मराठी वाचक विरळा. त्याच टिळकांनी रचलेली पदं आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हटली जातात. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले. आपण शाळेत बालकवी शिकलो तेव्हा हे कोणी सांगितलं नाही, ही वेगळी गोष्ट.

सोलापूरच्या गाडीत बसलात तर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. या बाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं. वसईला जा. तिथे सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या नाताळ होतोय. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हाही विरोध झाला होता, आठवत असेल. संमेलन झालं, भाषण झालं, आणि मराठीचं काही बिघडलं नाही.

आणि पुण्याबद्दल बोलायचं तर गुरुवार पेठेतलं पंचहौद आहेच. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरात जो गदारोळ उठला तो शंकराचार्यांपर्यंत गेला. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. एका कपभर चहावरून पुणं तेव्हा दुभंगलं होतं. आज आपण ते वाचून हसतो. आमच्या ग्रुपवरचे १४३ मेसेज आणखी शंभर वर्षांनी कोणी वाचले तर काय करेल, हे सांगायला नको.

आता शाळेकडे येतो.

मुलीच्या वर्गात तीन ख्रिस्ती मुलं आहेत. एक मल्याळी, एक वसईचा, एक कोरियन. कोरियन मुलाचे वडील चाकणकडच्या एका कंपनीत आहेत. परिपत्रक आलं त्या दिवशी मुलगी घरी आली आणि म्हणाली, “बाबा, तो विचारत होता की आमच्या सणाचं नाव घ्यायचं नाही का?” विचारणारा वसईचा. दहा वर्षांचा मुलगा. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही, त्याने वर्गातल्या फळ्यावर वाचलं.

त्या १४३ मेसेजांत त्या तीन घरांतल्या कोणाचाही एकही मेसेज नव्हता. मी दुसऱ्या दिवशी मल्याळी मुलीच्या आईला वेगळा मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं: “जाऊ द्या, वाद नको. आम्ही घरी करतो ना.” एरवी या बाई बसचा मार्ग बदलला तरी मुख्याध्यापिकांच्या केबिनपर्यंत जाणाऱ्या आहेत. ज्यांच्या सणाबद्दल आपण रात्री बारापर्यंत भांडतो, ती माणसं त्याच ग्रुपमध्ये असून गप्प बसतात. याला मी शाळेचा समाज म्हणू शकत नाही.

आणि समाज म्हणजे फी भरणारेच का? आमच्या बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशी राहुरीकडच्या आहेत. गेल्या जानेवारीत शाळा सुरू झाली त्या दिवशी त्यांनी मुलीच्या हातात एक डबा दिला. करंज्या, शंकरपाळे, चार चकल्या. मुलगी म्हणाली, “मावशी, दिवाळी तर झाली!” मावशी म्हणाल्या, “ही आमची दिवाळी, बाळा. नाताळची.” चार वर्षं रोज या बसने जाणाऱ्या मुलीला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मावशी ख्रिस्ती आहेत. खरं सांगायचं तर शाळेतही किती जणांना माहीत असेल याची शंका आहे. गेल्या वर्षीच्या सेलिब्रेशनमध्ये मावशी होत्या. लाल टोपी घालून, फेसावरून पोरं घसरू नयेत म्हणून पोछा घेऊन उभ्या होत्या. ज्या दीड हजार लोकांच्या गर्दीत तो सण चालला होता, त्यात तो सण घरी खरोखर करणारं माणूस पोछा मारत होतं आणि त्यांना कोणी “हॅपी ख्रिसमस”सुद्धा म्हणालं नसेल.

त्यांच्या गावाकडे नाताळला काय करतात हे मी मग त्यांना नीट विचारलं. घराला रंग, दारात चांदणी, अंगणात गव्हाणीचा देखावा. रात्री गाणी म्हणत मंडळी घरोघरी फिरतात, पेटी-ढोलकी घेऊन. प्रत्येक घरी चहा, फराळ. नवे कपडे, माहेरवाशिणी येतात. यात बर्फ कुठेच नाही. तसं पाहिलं तर चांदणी, गोठा, गुरं आणि राहायला जागा न मिळालेलं गरीब जोडपं, ही गोष्ट शाळेतल्या देखाव्यापेक्षा राहुरीच्या अंगणालाच जास्त शोभते.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचाही आमच्याकडे घोळ झालाय. शाळेत एक जर्मन कुटुंब आहे. त्या बाई सांगत होत्या, त्यांच्याकडे ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ मिळतो. मुख्य सण २४ च्या संध्याकाळी, भेटी तेव्हाच. आमच्या कार्निव्हलमधलं त्यांना ओळखीचं काय वाटतं असं विचारलं तर हसून म्हणाल्या, “मॉल.” म्हणजे जर्मनीचा नाताळ जर्मन, कोरियाचा कोरियन, वसईचा वसईचा. आमच्या शाळेचा तेवढा कुठलाच नाही. याला आंतरराष्ट्रीय म्हणायचं असेल तर विमानतळावरचं दुकानही आंतरराष्ट्रीयच आहे.

आता विरोध करणाऱ्या पालकांचा मुद्दा. त्यांना मी वेडं समजत नाही. शाळेने कुठल्याही धर्माची प्रार्थना मुलांवर लादू नये, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि मी त्यांच्या बाजूने सही करेन. पोराला सांताची टोपी घालायची नसेल तर घालू नये, त्यावरून शिक्षकांनी तोंड वाकडं करू नये. पण सणाची ओळख करून देणं आणि उपासना करायला लावणं यात फरक आहे, आणि तो आपल्याला चांगला कळतो. आषाढीला हीच शाळा दिंडी काढते. कोरियन मुलगा डोक्यावर टोपी, कपाळाला बुक्का लावून टाळ वाजवतो. त्याच्या आईवडिलांनी कधी निवेदन दिल्याचं ऐकलं नाही. शाळेने त्या दिंडीला ‘मान्सून वॉक’ म्हटलं नाही, दिवाळीला ‘ऑटम लाइट शो’ म्हटलं नाही, गणपतीला ‘क्ले फेस्टिव्हल’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आपण शाळेच्या फाटकाशी बसलो असतो. आणि बरोबरच केलं असतं.

मग मला काय हवंय?

पहिलं, नाव. ‘नाताळ’ म्हणा. मराठी शब्द आहे, लहान आहे, फलकावर मावतो.

दुसरं, मराठीचा तास. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक झालं. आयबी असो, केंब्रिज असो. आमच्याकडे तो तास ‘कायदा आहे म्हणून’ उरकला जातो. पानभर शुद्धलेखन आणि सुट्टी. त्या तासाला डिसेंबरात लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तला एखादा प्रसंग वाचून दाखवा. मुलं पोट धरून हसतील याची मी खात्री देतो. रेव्हरंड टिळकांचं एखादं पद पेटीवर बसवा. मराठी म्हणजे फक्त आपलीच गल्ली नव्हे, एवढं मुलांना त्यातून आपोआप कळेल, भाषण न देता.

तिसरं, माणसं. वसईच्या त्या मुलाच्या आजीला बोलवा, त्यांची भाषा मुलांच्या कानावर पडू द्या. मल्याळी आईंना बोलवा, जर्मन बाईंना बोलवा. आणि मावशींना त्या दिवशी पोछा न देता खुर्ची द्या. बसवरचे काका, सफाईच्या ताई, गेटवरचे दादा यांची मुलं एक दिवस या फाटकाच्या आत येऊन खेळू देत. कूपन न घेता. बर्फाचं मशीन भाड्याने आणायला पैसे आहेत तर याला पैसे कमी पडणार नाहीत. मशीनचं भाडं किती हे मी शाळेला लेखी विचारलंय, अजून उत्तर नाही.

जुने कपडे आणि जुनी खेळणी गोळा करून ‘खेड्यात’ पाठवायचा उपक्रम मात्र कृपा करून थांबवा. मावशींच्या घरून नवीन करंज्या येतात आणि आपण त्यांच्या गावाला विटलेले टीशर्ट पाठवतो.

हे सगळं मी पत्रात लिहिलंय, दोन पानं झालीत. त्यावर आत्तापर्यंत अकरा पालकांच्या सह्या आहेत. त्यात निवेदन देणाऱ्यांपैकी दोघे आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण मला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं. त्यातले एक म्हणाले, “मला विरोध सांताला होता हो, करंजीला नाही.” मल्याळी आईंनी अजून सही केलेली नाही. त्यांना आग्रह करणार नाही.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता पालक-शिक्षक सभा आहे. आपल्या शाळेचे जे पालक ही पोस्ट वाचत असतील त्यांनी या. दुसऱ्या शाळांतल्या कोणाला पत्राचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, पाठवतो. शाळेचं नाव बदलून जसाच्या तसा वापरता येईल.