पांडवलेण्यांतील दोन ओवऱ्या

नाशिकच्या पांडवलेण्यांतून सामान्य प्रेक्षक पांडवांची कथा घेऊन परततो. आपण प्राध्यापक मंडळी तिला दंतकथा ठरवून मोकळे होतो. तिच्या जागी दुसरी कथा मात्र देत नाही. वास्तविक ती तेथेच उभी आहे.

दहावे लेणे क्षहरात राजा नहपानाचा जामात उषवदात याने करविले. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपली मुद्रा ठोकली. १९०६ साली जोगळटेंभीस सापडलेल्या सुमारे १३,००० नाण्यांपैकी ९,००० हून अधिक अशी आहेत. क्षहरात वंश आपल्या पुत्राने निर्मूल केला, असे त्याची माता गौतमी बलश्री तिसऱ्या लेण्यातील प्राकृत लेखात अभिमानाने नोंदविते. त्याच लेण्याच्या ओवरीतील स्तंभ मात्र उषवदाताच्या लेण्यातील स्तंभांवरून घडविलेले आहेत, असे अभ्यासक मानतात. तीच घंटाकृती शीर्षे, तेच पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. हात तेवढा किंचित उणा. (हे ताडून पाहण्यास पांडित्य लागत नाही, दोन्ही ओवऱ्यांत उभे राहणे पुरे.)

शत्रूचे नाणे बदलणाऱ्या घराण्याने त्याचा स्तंभ का स्वीकारला, हा प्रश्न कोणत्याही श्रोत्याला थांबवून धरील. आपल्या वर्गांत मात्र तो लेख प्राकृताचा नमुना म्हणून वाचला जातो आणि मान वर करून स्तंभाकडे पाहण्यापूर्वीच तास संपतो.