‘माझं’वरचे टिंब

(द्वितीय वर्ष, कला)

‘माझे’ हा शब्द आपण बोलतो तसा लिहिला की ‘माझं’ होतो आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब येते. हे टिंब विसरणाऱ्यांची आपल्या वर्गात वाण नाही. ‘माझ पुस्तक’, ‘तुझ काम’, ‘त्यांच घर’ असे आपण चिठ्ठीत लिहितो, मोबाइलवरच्या निरोपात लिहितो. ते दिसले रे दिसले की कोणीतरी हसून विचारतो, “अरे, टिंब कुठे गेले?” प्रश्न टिंबाचा असतो, मान मात्र माणसाला खाली घालावी लागते.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला आहे, कारण मी दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात कामाला जाते. आमच्याकडे ‘पानी’, ‘आनि’, ‘कोन’ असेच बोलतात. ‘ण’ या अक्षराची आणि माझी ओळख शाळेच्या फळ्यावर झाली. पहिल्या वर्षी फीमाफीच्या अर्जात मी ‘माझ्या वडिलाचे उत्पन्न’ असे लिहिले. अर्ज तपासणाऱ्या सरांनी बाकीची मुले जाईपर्यंत मला थांबवून घेतले. मग पेन माझ्याच हातात देऊन म्हणाले, “‘वडिलांचे’ लिही. माणूस एकच असला, तरी आदर दाखवायचा तर हे टिंब लागते.” एवढ्याशा ठिपक्यात बापाचा मान बसलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले. व्याकरणाची गोडी लागली ती तेव्हापासून.

मग मी नियमांच्या मागेच लागलो. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, त्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली. ते अठराही नियम मी वसतिगृहात खाटेच्या वर चिकटवून पाठ केले. इथपर्यंत सारे ठीक होते. पण नवा मुसलमान जास्त कांदा खातो म्हणतात, तसे नव्या शहाण्याचेही होते. गेल्या वर्षी भित्तिपत्रकावर माझ्याच तालुक्यातल्या एका मित्राचा लेख लागला. त्याच्या चुलत्यांनी विहीर खणली, त्याची ती हकीकत होती. मी लाल पेन्सिल घेतली आणि फलकावरच सतरा ठिकाणी गोल केले. मुले जमली, हसली. विहिरीतला दगड चुलत्यांच्या पायावर पडतो तो परिच्छेद कोणीच नीट वाचला नाही. मीही नाही. मी त्यातल्या वेलांट्या मोजत होतो.

यंदा वार्षिकासाठी त्याच्याकडे लेख मागायला गेलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तूच लिही. तुझं शुद्ध असतं.” त्यामुळे या अंकात त्याचा लेख नाही. मला सरांनी एक टिंब दिले, मी त्याला सतरा गोल दिले. त्यातून मी लिहिता झालो आणि तो लिहायचा थांबला. चूक दाखवण्याच्या दोन रीतींत एवढा फरक आहे.

कोणी म्हणेल, मग नियम काय गुंडाळून ठेवायचे? मुळीच नाही. अर्जात, उत्तरपत्रिकेत, छापील पानावर नियम हवेतच. ते न शिकल्याचा तोटा आमच्यासारख्यांनाच आधी होतो. परंतु नियम ही माणसांनी आपसांत केलेली सोय आहे, हेही विसरू नये. १९६२ पूर्वी ‘नांव’, ‘कांहीं’ असे टिंब देऊन लिहिणारा शहाणा ठरे. आज तेच टिंब देणाऱ्याचे गुण जातात. इंग्रजीतही तीच गत. ‘इट्स’ म्हणजे ‘त्याचे’ असा अर्थ असेल, तर आज वरचे चिन्ह देणे चूक मानतात. पण शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह १६२३ साली छापला गेला, त्यात याच अर्थाने ते चिन्ह दिलेले काही ठिकाणी आढळते. आणखी एक. ‘अशुद्ध’ हा शब्द आपण वहीला लावतो. तो नकळत माणसाला, त्याच्या घराला आणि त्याच्या आईच्या बोलीला जाऊन चिकटतो.

म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. आधी मजकुराला उत्तर द्यायचे, मग अक्षरांकडे पाहायचे. चूक सांगायचीच, तर एकट्याला गाठून सांगायची. आणि गप्पांत किंवा घरच्या पत्रात कोणी विचारल्याशिवाय सांगायचीच नाही.

हिवाळ्यात वडिलांचा निरोप आला होता : ‘तुझ सोटर यष्टीत देल हाय. थंडी लई हाय. घालत जा.’ त्यात चुका काढायला बसलो असतो तर गाडी निघून गेली असती. मी स्टँडवर पळालो आणि स्वेटर घेऊन आलो.

त्या मित्राकडे मी पुन्हा जाणार आहे. विहिरीचा लेख मला वाचायला दे, असे म्हणणार आहे. या वेळी दगडाचा परिच्छेद आधी वाचीन. त्याला वाटलेच तर टिंबे आम्ही दोघे बसून देऊ.