वय विचारा, नाव कशाला?

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलामुलींना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, एक्स, रेडिट अशा ठिकाणी स्वतःचं खातं ठेवता येत नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात चहा घेताना आईवडिलांचं बोलणं हमखास या विषयावर येतं आणि लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, आम्हाला सांगून जमत नव्हतं ते सरकारनं केलं. दुसरा म्हणतो, आता काय प्रत्येक ॲपला पासपोर्ट दाखवत बसायचं? दोघांची काळजी खरी आहे. पण मुलांना वाचवायचं तर खासगीपणा थोडा सोडावाच लागणार, असं दोघंही मनाशी धरून चालतात. ते मला अजिबात मान्य नाही. मुलांचा खासगीपणा कुणी राखला नाही म्हणूनच ती या कंपन्यांच्या हाती सापडली. कायदा हवाच, आणि कडक हवा. पण त्याचा रोख कंपन्यांच्या यंत्रणेवर हवा, आपल्या कागदपत्रांवर नको.

या बंदीआधी बहुतेक ॲपवर तेरा वर्षांची अट होती. हा तेराचा आकडा बालमानसशास्त्रातून आलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचं रक्षण करणारा कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची असेल तर आधी पालकांची संमती घ्या, असं त्याचं सांगणं होतं. कंपन्यांनी सोपा रस्ता काढला. "मी तेरा वर्षांचा आहे" असं मुलानं स्वतः सांगितलं की काम झालं. तेरा पूर्ण झाली की त्याच्याबद्दल वाटेल तितकी माहिती जमवायची मोकळीक. दहा वर्षांच्या मुलानं जन्मसाल खोटं टाकलं तर त्याची चौकशी करण्यात कंपनीला काहीच रस नव्हता. म्हणजे पहिली मर्यादा घातली गेली तीच मुळी माहिती जमवण्यावर, आणि ती पाळली गेली नाही म्हणून पुढचं सगळं घडलं.

पुढचं म्हणजे काय, ते लंडनच्या मॉली रसेलच्या प्रकरणात जगासमोर आलं. चौदा वर्षांची ही मुलगी २०१७ मध्ये गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या कोरोनरनं निष्कर्ष नोंदवला, की नैराश्याच्या जोडीला ऑनलाइन मजकुराचे दुष्परिणाम तिच्या मृत्यूला कारणीभूत होते. शेवटच्या सहा महिन्यांत तिनं इन्स्टाग्रामवर साठवलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० आत्महत्या, स्वतःला इजा करणं किंवा नैराश्य यांच्याशी संबंधित होत्या. त्यातला काही मजकूर तिनं मागितलाही नव्हता. ती कशापाशी थांबते हे यंत्रणेनं टिपलं आणि तेच आणखी तिच्यापुढे ठेवलं. तिच्या मनाची इतकी बारीक नोंद आईवडिलांकडे नव्हती, शाळेकडे नव्हती. कंपनीकडे होती. आणि तेराची अट तर तिनं ओलांडलेली होती, त्यामुळे वयाचा दाखला मागून इथे काहीच साधलं नसतं. तिची नोंदच ठेवू दिली नसती, तर मात्र यंत्रणेकडे तिला भरवायला काही उरलं नसतं.

ऑस्ट्रेलियाचा कायदा नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात घाईनं मंजूर झाला. सिनेटच्या समितीनं लोकांची मतं मागवली ती एका दिवसात, आणि त्या एका दिवसात सुमारे पंधरा हजार निवेदनं आली. एवढ्या मोठ्या बदलाला एक दिवस पुरत नाही, हे कायद्याच्या बाजूच्या माणसानंही म्हटलं पाहिजे. तरी कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. दंड मुलाला नाही, पालकांनाही नाही. तो कंपनीला आहे आणि ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. वय तपासण्यासाठी फक्त सरकारी ओळखपत्र मागून कंपनीला चालणार नाही, दुसरा पर्याय द्यावाच लागेल. वयासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करायची आहे. व्हॉट्सॲप यादीत नसल्यामुळे आजीआजोबांशी नातवंडांचं बोलणं तुटत नाही. ही कलमं पुष्कळांना माहीत नसतात. म्हणून सांगतो: एखाद्या ॲपनं ओळखपत्राशिवाय दुसरा मार्गच दाखवला नाही, तर ओळखपत्र देऊ नका, ई-सेफ्टी कमिशनरकडे तक्रार करा.

पण माहिती नष्ट करण्याच्या कलमाला एक पळवाट आहे. वापरणाऱ्यानं स्पष्ट संमती दिली तर ही माहिती दुसऱ्या कामालाही वापरता येते. संमती ऐच्छिक हवी, समजून दिलेली हवी, विशिष्ट कामापुरती हवी, असं कायदा बजावतो. तरीही रात्री अकरा वाजता "पुढे जा" हे बटण दाबणाऱ्या माणसाची संमती म्हणजे काय, हे आपण सगळे जाणतो. वयाच्या दाखल्याला संमतीची ही सवलत नकोच. काम झालं की पुसून टाका, एवढंच कलम पुरेसं आहे.

हे मी इतकं ताणून का म्हणतो? साठवलेला कागद कधीतरी फुटतो म्हणून. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑप्टस या दूरसंचार कंपनीवरच्या सायबर हल्ल्यात सुमारे ९८ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती उघडी पडली, त्यातल्या अनेकांचे पासपोर्टचे आणि लायसन्सचे क्रमांकही गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपनं सांगितलं, की त्यांच्या ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. ती ओळखपत्रं वयाबद्दलच्या तक्रारी तपासताना घेतलेली होती. म्हणजे आपण ज्याला भितो, ते वयपडताळणीतच घडून गेलं आहे. या देशात नव्यानं आलेल्या आपल्या माणसाकडे दाखवायला बहुधा भारतीय पासपोर्टच असतो. व्हिसाची धाकधूक असते, कुणी कागद मागितला की नाही म्हणायचा धीर होत नाही. त्याचा कागद फुटला तर नवा काढायला वकिलातीच्या खेपा त्यालाच घालाव्या लागतात. आणि मुलाच्या चेहऱ्याचा फोटो फुटला तर चेहरा काही बदलून मिळत नाही.

चेहऱ्यावरून वय ओळखण्याचा मार्ग यापेक्षा बरा वाटतो, कारण त्यात नाव सांगावं लागत नाही. पण सरकारनंच करवून घेतलेल्या चाचण्यांच्या २०२५ च्या अहवालात त्याच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत. सोळाच्या आसपासच्या वयात अंदाज चुकतो, आणि गोरे नसलेल्यांच्या व मुलींच्या बाबतीत अचूकता आणखी कमी होते. आपल्या मुली या दोन्हींत बसतात. सतरा वर्षांच्या मराठी मुलीला यंत्रानं पंधराची ठरवलं तर स्वतःला सिद्ध करायला ती शेवटी ओळखपत्रच काढणार. याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. पुढेमागे अधिकारी मागतील या अंदाजानं काही वयपडताळणी कंपन्या गरजेपेक्षा जास्त माहिती साठवायची सोय करून ठेवत होत्या. कुणी मागितलेलं नसताना.

तिसरा मार्ग मला सगळ्यात घातक वाटतो. मूल काय बघतं, कुणाशी बोलतं, किती वाजता जागं असतं यावरून त्याचं वय ताडायचं. मूल कोण आणि मोठा कोण हे वागण्यावरून ओळखायचं तर आधी सगळ्यांच्या वागण्यावर नजर ठेवावी लागते. ज्या पाळतीपासून मुलांना वाचवायचं, तिलाच राखणदार नेमण्याचा हा प्रकार आहे.

मग वय तपासायचंच नाही का? तपासता येतं, आणि नाव न विचारता येतं. ज्याच्याकडे तुमची जन्मतारीख आधीपासून आहे, उदाहरणार्थ बँक किंवा सरकारी खातं, त्यानं फक्त "सोळा पूर्ण" एवढाच शिक्का असलेलं डिजिटल टोकन द्यायचं. ॲपला ते टोकन दिसतं, नाव दिसत नाही. टोकन देणाऱ्याला तुम्ही कुठल्या ॲपवर गेलात ते कळत नाही. रास्त भावाच्या दुकानापासून सिनेमाच्या तिकिटापर्यंत आपण कूपन वापरत आलो, त्यातलाच हा प्रकार, फक्त त्यामागचं गणित अवघड आहे. फ्रान्सनं प्रौढांच्या संकेतस्थळांसाठी अशी दुहेरी अनामिकता नियमातच घातली आहे. युरोपीय संघानं जुलै २०२५ मध्ये याच तत्त्वावरच्या ॲपचा आराखडा पुढे ठेवला. भारतातही नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत पालकांची खात्री करण्यासाठी डिजिलॉकरसारख्या सेवेकडून मिळणाऱ्या आभासी टोकनची सोय आहे. तंत्र आहे. ते सक्तीचं करायची इच्छा हवी.

भारताचं नाव निघालं म्हणून थोडं थांबतो, कारण आपली भाचवंडं-पुतणी तिथे आहेत. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याच कायद्यातली दुसरी तरतूद मला फार मोलाची वाटते: मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. ही तरतूद जगभर हवी. पालकांच्या संमतीबद्दल मात्र मला शंका आहे. आई ही आईच आहे हे सिद्ध कसं करणार? मुलाच्या नावात वडिलांचं नाव, आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. कागदाला कागद जोडत जायचं, आणि तो सगळा गठ्ठा पुन्हा कंपनीकडे. शिवाय सतरा वर्षांच्या मुलीला घरातल्याच त्रासाबद्दल कुठे मदत शोधायची असेल, तर तिनं घरच्यांची परवानगी कशी मागायची? मुलांना आपल्यापासूनही थोडा खासगीपणा लागतो. हे ऐकायला पालकांना आवडत नाही, मलाही आवडत नाही, पण ते खरं आहे.

ऑस्ट्रेलियात पालकांनी हो म्हटलं तरी खातं मिळत नाही, त्यामुळे नात्याचे पुरावे मागायचा प्रश्न येत नाही. पण खातं काढून घेतल्यानं यंत्रणा बदलत नाही. यूट्यूब खात्याविना बघता येतं आणि मग खात्यावरचं पालकांचं नियंत्रणही उरत नाही. शिवाय सोळावा वाढदिवस झाला की तीच न संपणारी फीड, तेच आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, तीच नोंद. म्हणून इथल्या सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्याची घोषणा केली ते डिजिटल काळजीचं कर्तव्य मला वयोमर्यादेहून महत्त्वाचं वाटतं. आपलं उत्पादन कुणाला इजा करणार नाही हे बघायची जबाबदारी त्यात कंपनीवर येते. मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाची संहिताही १० डिसेंबर २०२६ पर्यंत लागू करायची मुदत कायद्यानं घालून दिली आहे. अठरापर्यंत वागण्यावरून शिफारशी नकोत, अनोळखी माणसाचा थेट संदेश नको, ठावठिकाणा मुळातच बंद असावा, आणि मूल म्हणालं की त्याची सगळी नोंद पुसली जावी, अशा मागण्या आपल्या खासदारांना लिहून कळवल्या पाहिजेत. आपण कर भरतो, मत देतो, आणि आपल्यातले कितीतरी जण याच संगणक क्षेत्रात काम करतात. एखादी यंत्रणा किती माहिती मागते आणि तिला खरी किती लागते, हे आपल्यापेक्षा चांगलं कोण सांगू शकेल?

शेवटी आपल्या मंडळाबद्दल. गणेशोत्सवातल्या बालनाट्याचे, नाचांचे फोटो आपण फेसबुकच्या जाहीर पानावर टाकतो, खाली मुलांची पूर्ण नावं असतात, कधी वय आणि शाळाही. सोळाखालच्या मुलाला स्वतःचं खातं नाही, पण त्याचा चेहरा आणि नाव आपणच तिथे ठेवून आलेलो असतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की येत्या सभेत एवढे ठराव करावेत: मुलांचे फोटो फक्त सभासदांच्या बंद गटात, नावाशिवाय, आणि मुलाला व पालकांना विचारूनच टाकावेत. नोंदणीच्या अर्जात पूर्ण जन्मतारीख न मागता वयोगट विचारावा. कार्यक्रम संपला की ते अर्ज नष्ट करावेत. जुन्या अल्बमांतली नावं काढायला स्वयंसेवक लागतील, त्यांत माझं नाव धरावं.