कॉमा बघता, वाक्य कोण बघणार?

माझी भाची स्त्रीरोगात एमएस करते. गेल्या श्रावणात एका शनिवारी ती लॅपटॉप आणि कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली. "मावशी, सत्तावीस वर्षं लायब्ररीत काढलीस की गं. एवढे रेफरन्स नीट लावून दे. सोमवारी जर्नलला पाठवायचंय." दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि आम्ही दोघी बसलो.

तिचा निबंध सिझेरियननंतरच्या वेदनाशामक औषधांवर होता. शेवटी एक्केचाळीस संदर्भ. गाईडनी तांबड्या शाईनं पानं रंगवलेली. आद्याक्षरांपुढे टिंब नको. सहाच लेखक द्या, पुढे 'एट अल'. जर्नलचं नाव संक्षिप्त करा. सालानंतर अर्धविराम, खंडानंतर कंसात अंक, मग विसर्ग, मग पानं. या पद्धतीला व्हँकुव्हर म्हणतात. १९७८ साली वैद्यकीय जर्नलांचे मोजके संपादक कॅनडातल्या त्या गावी जमले आणि लेखकांसाठी एकसारखे नियम ठरवायला बसले, म्हणून हे नाव. संदर्भांचे साचे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं बसवून दिले. मी ग्रंथपाल. या साच्यांवर माझा राग नाही, उलट जीव आहे. कोणीही, कुठूनही, नेमक्या त्या पानावर जाऊन पोचावं यासाठीच ते केलेत.

पण पोचतं कोण?

निबंधात एक वाक्य होतं : रुग्णांना अफूवर्गातली वेदनाशामकं दिली तर व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असतं. त्यावर आकडा १४. चौदावा संदर्भ 'पोर्टर जे, जिक एच', न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, १९८०, खंड ३०२, अंक २, पान १२३. तांबड्या शाईनं त्यात एक टिंब खोडलं होतं. मी भाचीला विचारलं, "पान एकच कसं गं? एका पानात अभ्यास मावला?" ती म्हणाली, "मी कुठं बघितलंय मावशी? आधीच्या एका पेपरमध्ये होता, तिथून घेतला. सगळे तसंच घेतात की."

तिथून आमची रात्र गेली.

तो अभ्यास नव्हताच. ते संपादकांना लिहिलेलं पत्र होतं, पाच वाक्यांचं. बोस्टनच्या एका पाहणीत ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यातल्या ११,८८२ जणांना इस्पितळात असताना एकदा तरी असं औषध दिलं होतं आणि पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांनाच ते लागल्याची नीट नोंद सापडली. एवढंच. माणसं इस्पितळात, डॉक्टर-नर्सांच्या नजरेखाली. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही. (पहिल्या लेखिकेचं नाव जेन पोर्टर. 'पोर्टर जे' वाचून ती बाई आहे हे कुणाला कळावं? आपल्या साच्यात बाई अशीच एका अक्षरात आटोपते. पण तो वेगळा तंटा.)

पुढचं ऐका. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी याच जर्नलमध्ये हिशेब मांडला. त्या पाच वाक्यांचा हवाला तोवर ६०८ ठिकाणी दिला गेला होता. त्यातल्या ४३९ ठिकाणी 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून. आणि ते रुग्ण इस्पितळातले होते हे ४९१ ठिकाणी सांगितलेलंच नव्हतं. नव्वदीच्या दशकात ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आली, तिच्यानंतर हे हवाले वाढले. डॉक्टरांना धीर आला, चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. अफूवर्गीय औषधांपायी अमेरिकेत पुढे लाखो माणसं मेली. ती सगळी या एका पत्रानं मेली असं मी म्हणणार नाही. कंपन्यांचा पैसा होता, जाहिरात होती. पण हवाला देणाऱ्यांनी त्या वाटेवर दिवे धरले. आता जर्नलनंच त्या पत्रावर टीप लावली आहे, की याचा फार आणि विचार न करता हवाला दिला गेला.

आणि गंमत बघा, साच्यात यावर उपाय होता! पत्राचा हवाला देताना शीर्षकापुढे चौकटी कंसात 'पत्र' असं लिहायची सोय त्याच ग्रंथालयाच्या नमुन्यांत आहे. भाचीच्या चौदाव्यात तो शब्द नव्हता. तो नसल्याची खूण तांबड्या शाईनंही केली नव्हती. टिंब दिसलं, शब्द दिसला नाही.

आमच्याकडे दशलक्षणात रोज एक असा तत्त्वार्थसूत्राचा अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा. त्यात सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात, त्यातला एक कूटलेखक्रिया. लहानपणापासून ऐकत आले आणि मला वाटायचं, खोटी हुंडी, खोटं खरेदीखत, असं काहीतरी व्यापारी पुरुषांचं असेल. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा उलगडा केलाय तो असा, की दुसऱ्यानं जे म्हटलं नाही, केलं नाही, ते त्यानंच म्हटलं, केलं असं फसवण्यासाठी लिहून ठेवणं. आता सांगा बायांनो, चौदावा संदर्भ आणखी काय आहे? भाची म्हणाली, "पण मावशी, मी कुठं फसवायला लिहिलं?" खरं आहे. तिचा हेतू नव्हता. ६०८ मधल्या कित्येकांचा नसेल. पण जे आपण वाचलंच नाही ते अमक्यानं म्हटलंय म्हणून सही करायची, आणि वर हेतू शुद्ध म्हणायचं, हे मला पटत नाही.

त्या रात्री आणखी एक निघालं. तेविसावा संदर्भ कुठं सापडेना. लेखक खरे, जर्नल खरं, पण त्या पानावर दुसराच लेख. शेवटी कबुली आली, चॅटबॉटला विचारून घेतला होता. यंत्रानं रचून दिलेला. त्याच्यावर गाईडची एकही तांबडी खूण नव्हती, कारण त्याचे कॉमे निर्दोष होते.

मला सांगतात, मुलींना छत्तीस-छत्तीस तास ड्यूटी असते, एक्केचाळीस निबंध त्या वाचणार केव्हा? मग एक्केचाळीस मागता कशाला? बारा मागा. वाचलेले मागा. तोंडी परीक्षेत एकेक आकडा काढून विचारा, यात काय लिहिलंय सांग. तसं विचारलं तर गाईडनाही आधी वाचावं लागेल, खरी अडचण तिथं आहे. कॉमा तपासायला डोळे पुरतात.

कुणी असंही म्हणेल, मग बाळंतिणीला वेदनाशामक देऊच नये का? अगं, द्या! 'सोस, सगळ्या बायका सोसतात' असं पोट शिवलेल्या बाईला ऐकवणाऱ्या सासवा आणि डॉक्टर आपल्याकडे थोडे आहेत का? म्हणूनच तर म्हणते. खोट्या हवाल्यावर दिलेलं औषध उद्या घाबरून बंद होतं, आणि मग पुन्हा तीच बाई सोसते. तिच्या पोटावरच्या टाक्यांशी त्या चौदा आकड्याचं नातं आहे. तुम्हाला टिंबांचं पडलंय.

रविवारी भाचीनं वाक्य बदललं. 'इस्पितळात दाखल रुग्णांच्या एका जुन्या पाहणीनुसार' असं लिहिलं, कंसात 'पत्र' घातलं, तेविसावा काढून टाकला. आणखी सहा गळले. सोमवारचा मुहूर्त चुकला, गाईडची बोलणी तिनं खाल्ली.

दोन महिन्यांनी जर्नलकडून शेरे आले. त्यातला एक : संदर्भ क्रमांक १४ फार जुना आहे, नवीन द्यावा. तिचा रात्री फोन. "मावशी, एक नवीन सापडलाय. पण पूर्ण पेपर उघडायला पैसे मागतात. वरचा सारांश तेवढा दिसतोय. टाकू का तसाच?"

मी म्हटलं, थांब. आमच्या लायब्ररीत माझ्या जागी आलेल्या बाईंना सकाळी फोन करते.